परग्रहांवरची जीवसृष्टी: गच्चीवर आणि फोनवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण आहे. कोजागिरीला एकीकडे मसाला दूध उकळत असताना दुसरीकडे शनी दाखवायचा, ही गेल्या काही वर्षांची प्रथा. कडी पाहून माणूस आधी "अय्या, खरंच?" म्हणतो आणि डोळा काढता काढता विचारतो, "तिकडे कोणी असेल का हो?" उरलेले प्रश्न मग व्हॉट्सॲपवर येतात, कधी कधी रात्री दीड वाजता. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून ही यादी केली. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं येत असेल तिथे नुसता क्रमांक दिला आहे.

१. काका, फिरवाफिरवी नको. पृथ्वीबाहेर जीव आहे की नाही?

सापडलेला नाही. माणूस सोडा, जंतूसुद्धा सापडलेला नाही. "आहे का" आणि "सापडला का" हे दोन वेगळे प्रश्न, आणि आज उत्तर फक्त दुसऱ्याचं देता येतं. शोधायच्या जागा मात्र भरपूर वाढल्या आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांना १९९५ साली सापडला. २०२५ मध्ये अशा पक्क्या ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली. त्यातले बहुतेक राहण्याच्या लायकीचे नाहीत, पण "ग्रह दुर्मीळ असतील" ही शंका तरी मिटली.

२. जीव म्हणजे नक्की काय? आगसुद्धा वाढते, पसरते, खाते. मग ती जिवंत का नाही?

हे उत्तर मला आमच्या कूलरने दिलं. मार्चमध्ये कूलर काढला की मेपर्यंत जाळीच्या वाळ्यावर दोन गोष्टी वाढतात. वरच्या काठाला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, आणि खाली, जिथे वाळा सतत ओला असतो तिथे, हिरवी बुळबुळीत साय. दोन्ही रोज थोड्या थोड्या पसरतात. क्षाराचा खडा पुढच्या खड्याला आकार देतो, पण आज त्यात चूक झाली तर ती वारशाने पुढे जात नाही. हिरव्या सायीत जाते. पेशी स्वतःची नक्कल करते, नकलेत कुठेतरी फरक पडतो, आणि त्या फरकामुळे कडक उन्हात कोण तगलं ते पुढच्या पिढीला मिळतं. आगीजवळ असा वारसा नाही. होळीतून पेटवलेली आग आणि लायटरची आग यांत घराण्याचा फरक नसतो.

नासाने कामापुरती धरलेली व्याख्या हीच आहे: स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या पद्धतीने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न: खेचराला पोरं होत नाहीत, मग ते निर्जीव का? नाही. व्याख्या एकट्या खेचराची नाही, ज्या वंशातून ते आलं त्या वंशाची आहे.

३. पृथ्वीवर तरी पहिला जीव आला कुठून?

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पिल्बारा भागात जंतूंच्या थरांनी घडवलेले दगड आहेत, ते सुमारे ३५० कोटी वर्षांचे. म्हणजे पृथ्वी निवल्यावर जीवाने फार वाट पाहिली नाही.

कच्चा माल सहज तयार होतो, हे आता नक्की झालं आहे. १९५३ साली स्टॅनली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या चंबूत कोंडून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि त्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळाल्या. ऑस्ट्रेलियातच १९६९ साली पडलेल्या मर्चिसन उल्केत ७० हून जास्त प्रकारची अमिनो आम्लं निघाली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत आपल्या प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं होती, शिवाय डीएनए आणि आरएनएची पाचही अक्षरं होती.

पण विटांचा ट्रक आला म्हणजे राजवाडा उभा राहिला असं होत नाही. विटा आपोआप कशा रचल्या गेल्या, यावर दोन मोठे गट आहेत. एक म्हणतो समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपाशी, दुसरा म्हणतो जमिनीवरच्या, सुकून पुन्हा भरणाऱ्या डबक्यांत. माझा कल डबक्यांकडे आहे, कारण सुकताना रेणू जवळ येतात आणि जोडले जातात. समुद्रात ते पांगतात.

४. पाण्याशिवाय जमणारच नाही का?

जमेल असं कागदावर म्हणता येतं. जीवाला द्रव लागतो, कारण घन पदार्थात रेणू हलत नाहीत आणि वायूत ते एकमेकांना भेटून टिकत नाहीत. पाण्याचा फायदा असा की ते खूप काही विरघळवतं, मोठ्या तापमानपट्ट्यात द्रव राहतं आणि त्याचा बर्फ तरंगतो, म्हणून वर गोठलं तरी खालचं तळं जिवंत राहतं.

पर्याय बघायचा असेल तर शनीचा चंद्र टायटन. तिथे उणे १७९ अंशांत मिथेन आणि इथेनची तळी आहेत, मिथेनचा पाऊस पडतो, नद्यांनी कोरलेली पात्रं आहेत. २००५ साली ह्युजेन्स यान तिथे उतरलं तेव्हा भोवती गुळगुळीत झालेले गोटे होते. ते पाण्याच्या बर्फाचे! अडचण इतकीच की इतक्या थंडीत रासायनिक क्रिया भयंकर संथ चालतात. तिथे जीव असलाच तर त्याच्या एका "नाश्त्याला" आपलं आयुष्य लागेल. ड्रॅगनफ्लाय नावाचं उडतं यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोहोचवायचा बेत आहे.

५. कार्बनऐवजी सिलिकॉनचे जीव?

सिनेमावाल्यांचा लाडका प्रश्न. सिलिकॉनही चार हात पुढे करतो, हे खरं. पण कार्बन ऑक्सिजनला भेटला की कार्बन डायऑक्साइड होतो, जो हवेत मिसळतो, पाण्यात विरघळतो, श्वासातून बाहेर टाकता येतो. सिलिकॉन ऑक्सिजनला भेटला की वाळू होते. प्रत्येक श्वासाला वाळू कशी टाकायची? आणि पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन कार्बनपेक्षा कितीतरी पट जास्त असूनही इथल्या जीवाने कार्बनच उचलला. मला तरी एवढा पुरावा पुरतो.

६. 'ना फार गरम ना फार थंड' अशा पट्ट्यात ग्रह असला की झालं ना?

नाही. पेपरात "पृथ्वीसारखा ग्रह सापडला" असं छापून येतं तेव्हा बऱ्याचदा अर्थ एवढाच असतो की ग्रह ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे जिथे पृष्ठभागावर पाणी द्रव राहू शकेल. आपला चंद्रही सूर्यापासून पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, आणि तो ठणठणीत कोरडा आहे. हवा धरून ठेवायला वस्तुमान लागतं.

उलटी बाजू जास्त गमतीची आहे. पट्ट्याच्या कितीतरी बाहेर पाणी आहे. एखादी लोखंडी तार चार-पाच वेळा इकडून तिकडे वाकवा आणि वाकवलेली जागा गालाला लावा, गरम लागते. गुरूभोवती फिरताना युरोपा हा चंद्र असाच सतत मळला जातो, म्हणून त्याच्या बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे असं मानतात. शनीचा एन्सेलाडस तर जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याची कारंजी उडतात, हे कॅसिनी यानाने २००५ मध्ये दाखवलं. त्या फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचं २०१७ मध्ये आणि फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. द्रव पाणी, ऊर्जा आणि खत, तिन्ही एका जागी. युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे, २०३० मध्ये पोहोचेल. मला निवड करायला सांगितली तर मी मंगळ सोडून एन्सेलाडसला जाईन.

७. पण बर्फाखाली ऊन नाही. उन्हाशिवाय खाणार काय?

दगड. गंमत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल एक जिवाणू सापडला. तिथल्या खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सारामुळे पाणी फुटतं, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि हा त्याच्यावर जगतो. सूर्य आहे की विझला, त्याच्या गावीही नाही. १९७७ साली गॅलापागोसजवळ समुद्रतळावर गरम झरे सापडले, तिथेही अंधारात अख्खी वस्ती होती. तारा नसलेले, एकटेच भटकणारे ग्रह असतात. त्यांच्या पोटात असं काही नसेलच, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

८. उत्क्रांतीचा नियम तिकडेही लागू पडेल का? की तो फक्त पृथ्वीचा कायदा आहे?

लागू पडेल, आणि या अख्ख्या यादीत मी सगळ्यात ठामपणे सांगतो ती गोष्ट हीच. उत्क्रांतीला डीएनए लागत नाही, ऑक्सिजन लागत नाही. नक्कल होणं, नकलेत फरक पडणं, आणि सगळ्यांना पुरेल एवढं नसणं या तीन गोष्टी असल्या की निवड आपोआप होते. दूधवाल्याच्या रांगेत दूध कमी आणि माणसं जास्त असली की काय होतं ते कोणी शिकवावं लागत नाही.

नियम सारखा म्हणजे निकालही सारखा, असं मात्र नाही. गोंधळ इथेच होतो, म्हणून पुढचा प्रश्न जरा लांब आहे.

९. मग ते माणसासारखे दिसतील? दोन हात, दोन पाय, मोठं डोकं?

दोन हात-दोन पाय, बहुतेक नाही. डोळे, बहुतेक हो. या दोन उत्तरांतला फरक समजला की अर्धा विषय समजला. काही गोष्टी सक्तीच्या असतात, काही योगायोगाच्या.

सक्ती आधी. पाण्यात जोरात पोहायचं असेल तर अंग मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं लागतं. शार्क हा मासा, इक्थिओसॉर हा सरपटणारा प्राणी, डॉल्फिन हा सस्तन. तिघांचे पूर्वज वेगळे, आकार जवळपास एकच. उडणारे पंख कीटक, टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातले उडते सरपटणारे प्राणी), पक्षी आणि वटवाघूळ यांना चार वेगवेगळ्या वेळी फुटले. डोळा तर पृथ्वीवर निदान चाळीस वेळा स्वतंत्रपणे तयार झाला, असा अंदाज आहे. ऑक्टोपसचा डोळा आपल्यासारखाच भिंग आणि पडदा असलेला, आणि बांधणीत आपल्याहून सरस: त्याच्या नसा पडद्याच्या मागून जातात, त्यामुळे आपल्याला असतो तसा आंधळा ठिपका त्याला नाही. जिथे उजेड आहे तिथे उजेड ओळखणं इतक्या फायद्याचं आहे की परग्रहावरही कोणीतरी ते शोधून काढेलच.

आता योगायोग. त्यासाठी लांब जायला नको. इंदूरहून गाडी काढून धार जिल्ह्यात बाघ-कुक्षीकडे जा. नर्मदेच्या खोऱ्यातल्या त्या पट्ट्यात टायटनोसॉर जातीच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पाडल्या गावातली बातमी आली. लोक पिढ्यान् पिढ्या "काकड भैरव" म्हणून गोल दगड पुजत होते, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव म्हणून, आणि पाहायला गेलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ती डायनासोरची अंडी आहेत. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्या दगडांत काहीतरी विशेष आहे, हे गावकऱ्यांना आधी कळलं, एवढंच.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत दहा-एक किलोमीटरचा लघुग्रह आदळला. इकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याची झीज होऊन आपल्या माळव्याची काळी माती झाली. डायनासोर गेले (पक्षी सोडून) आणि उंदराएवढ्या सस्तनांना मोकळं रान मिळालं. तो दगड चुकला असता तर त्या अंड्यांची पूजा करायलाच कोणी नसतं.

सक्ती आणि योगायोग एकाच प्रयोगात बघायचे असतील तर रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग बघा. १९८८ साली त्यांनी एकाच जिवाणूच्या बारा वस्त्या बारा चंबूंत सुरू केल्या आणि रोज नव्या अन्नात टाकत राहिले. बाराही वस्त्या जास्त वेगाने वाढायला शिकल्या, बाराही वस्त्यांत पेशी मोठ्या झाल्या. ही सक्ती. पण सुमारे ३१,५०० व्या पिढीला बारांपैकी एकाच चंबूतले जिवाणू सायट्रेट खायला लागले, जे ऑक्सिजन असताना या जातीला जमत नाही. बाकी अकरा चंबूंत तेच अन्न समोर पडलेलं होतं. परग्रह म्हणजे तेरावा चंबू समजा.

१०. गुरुत्वाकर्षण दुप्पट असेल तर सगळे बुटके होतील का?

जमिनीवर, हो: जाड पाय, बसकं अंग, आणि पडलं की हाड मोडलंच. समुद्रात फारसा फरक नाही, पाणी वजन तोलून धरतं. आणि जंतूला गुरुत्वाकर्षणाची पर्वा नसते.

११. तांबड्या ताऱ्याच्या ग्रहावर झाडं हिरवीच असतील का?

बहुतेक नाही. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लहान, मंद, तांबडे आहेत. त्यांच्या उजेडात निळा-हिरवा भाग कमी आणि अवरक्त जास्त. इथलं पान हिरवा उजेड थोडा परत फेकतं, कारण त्याला परवडतं. तिथल्या पानाला मिळेल तेवढा उजेड गिळावा लागेल, म्हणून ते काळपट असेल असा काही शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. वांग्याच्या रंगाचं शेत डोळ्यांपुढे आणा.

अडचणी वेगळ्याच आहेत. असा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असतो की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी. एकीकडे कायम दुपारचे बारा, दुसरीकडे कायम मध्यरात्र. शिवाय हे तारे तरुणपणी भयंकर भडकतात आणि ग्रहाची हवा उडवून लावू शकतात. ट्रॅपिस्ट-१ या सुमारे ४० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला सात ग्रह आहेत, २०१७ मध्ये केवढा गाजावाजा झाला होता. जेम्स वेब दुर्बिणीने त्यातल्या सगळ्यात आतल्या दोघांकडे पाहिलं, तर जाड वातावरणाचा मागमूस नाही. बाहेरच्यांकडे अजून आशा ठेवून आहे.

१२. आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या आहेत. शास्त्रज्ञही तेवढ्याच म्हणतात ना?

हा फॉरवर्ड मला वर्षातून निदान चारदा येतो, बहुधा एखाद्या आत्याकडून. २०११ च्या एका अभ्यासात ८७ लाख प्रजातींचा अंदाज होता, हे खरं. पण त्यात १३ लाखांची चूक इकडे किंवा तिकडे धरलेली होती, आणि जिवाणू मोजलेच नव्हते. ते मोजले तर आकडा कुठच्या कुठे जातो. जुळणी योगायोगाची आहे. एकाच जीवतत्त्वाची अनेक रूपं, ही त्या मागची कल्पना मात्र मला आवडते. पृथ्वीवरचे सगळे जीव खरोखरच एका पूर्वजाकडून आले आहेत.

१३. नारळीकरांना आकाशात जंतू सापडले होते ना? मग जीव बाहेरूनच आला!

अर्धं खरं. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुगे सोडले गेले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५ च्या उड्डाणातून तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाल्याचं इस्रोने २००९ मध्ये जाहीर केलं. एकाचं नाव आर्यभटांवरून, एकाचं इस्रोवरून, एकाचं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून. ते अतिनील किरणांना इतर नातलगांपेक्षा जास्त टिकणारे निघाले. पण नातलग आहेत, हाच मुद्दा. त्यांची जनुकं इथल्या जिवाणूंच्या घराण्यातली आहेत. ते वरून खाली आले की खालून वर गेले, हे त्यावरून ठरत नाही.

प्रवास मात्र अशक्य नाही. बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेला दगड मंगळावरचा आहे. डायनोकोकस नावाचे जिवाणू सुकवून, गोळी करून अंतराळ स्थानकाच्या बाहेर तीन वर्षं उघड्यावर ठेवले, गोळीच्या आतल्या थरांतले जिवंत राहिले. तरी "बाहेरून आला" हे उत्तर म्हणजे भाडेकरू कुठून आला विचारलं तर "मागच्या घरातून" म्हणण्यासारखं. मूळ प्रश्न (प्र. ३) तिथेच राहतो.

१४. मंगळावर जीव सापडल्याची बातमी मी स्वतः वाचली आहे.

तुम्ही एक वाचली असेल, मी तीन सांगतो. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळाच्या मातीत पोषक द्रव घातला आणि वायू सुटला, जंतू खात असावेत तसा. पण मातीत सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. पुढे २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथे परक्लोरेट हे तिखट रसायन मिळालं, आणि वायू नुसत्या रसायनाने सुटला असावा हे मत बळावलं. अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या दगडात सूक्ष्म अळीसारखे आकार दिसल्याचं १९९६ साली जाहीर झालं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर बोलले. बहुतेक तज्ज्ञांना ते पटलं नाही. तिसरी ताजी: पर्सिव्हिअरन्स गाडीला २०२४ मध्ये जुन्या नदीच्या पात्रात बिबट्यासारखे ठिपके असलेला दगड मिळाला. ठिपक्यांच्या कडेला अशी लोहखनिजं आहेत जी इथे बऱ्याचदा जंतूंच्या कामातून बनतात. २०२५ च्या शोधनिबंधात शब्द होता "संभाव्य". तो शब्द बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

मंगळाचा फील घ्यायचा असेल तर लोणारला जा. तिथलं विवर बेसॉल्ट खडकात आहे, म्हणजे आपल्या पायाखालच्याच लाव्हात, आणि मंगळाचा खडकही मोठ्या प्रमाणात बेसॉल्टच. २०२० च्या जूनमध्ये ते तळं गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात खूश राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

१५. आणि तो १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह? तिथे समुद्री शेवाळाचा वास आला म्हणे.

के२-१८ बी. निक्कू मधुसूदन हे बनारसला शिकलेले, केंब्रिजमध्ये असलेले शास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की तिथल्या हवेत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसते. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात. पण खूण "तीन सिग्मा" ताकदीची होती (सिग्मा म्हणजे खूण योगायोगाची नसल्याच्या खात्रीचं माप), आणि या धंद्यात पाच लागतात. दुसऱ्या गटांनी तीच मोजमापं घेऊन हिशोब केला तर त्यांना ती खूण दिसली नाही. शिवाय हाच रेणू एका धूमकेतूवरही आढळला आहे, जिथे शेवाळ नक्कीच नाही. माझं मत: पैज लावू नका.

१६. हवेत ऑक्सिजन सापडला तर शंभर टक्के जीव, बरोबर?

दोन्ही बाजूंनी चूक. ऑक्सिजन जीवाशिवाय साठू शकतो: अतिनील किरण पाणी फोडतात, हलका हायड्रोजन निसटून जातो, ऑक्सिजन मागे राहतो. तांबड्या ताऱ्यांपाशी (प्र. ११) ही शक्यता जास्त. आणि जीव ऑक्सिजनशिवाय असू शकतो: पृथ्वीच्या हवेत तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी लक्षात येण्याएवढा झाला, म्हणजे त्याआधी शंभर कोटींहून जास्त वर्षं जीव होता आणि दुरून पाहणाऱ्याला "इथे काही नाही" असंच वाटलं असतं.

खरी खूण जोडीची. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र फार टिकत नाहीत. दोन्ही सापडले तर कोणीतरी दोन्ही सतत भरत आहे. घरात कोणी नाही म्हणता आणि कढईतले पोहे गरम आहेत, तसं. चंद्रयान-३ च्या प्रणोदन भागावर शेप नावाचं उपकरण होतं, ते यासाठीच: लांबून पाहिलेली जिवंत पृथ्वी कशी दिसते, त्याचा नमुना घ्यायला.

१७. आपणच तिकडे जंतू नेले आणि नंतर "सापडले" म्हणून नाचलो तर?

ही भीती शास्त्रज्ञांनाही आहे. १९६७ च्या अंतराळ करारात घातक दूषण टाळायचं बंधन आहे. व्हायकिंग यानं पाठवण्याआधी चक्क भट्टीत तापवली होती. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा ते एन्सेलाडसवर किंवा टायटनवर कधीतरी आपटू नये म्हणून १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्या हवेत घुसवून जाळलं. सगळेच इतके सोवळ्यात नसतात. २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या एका खासगी यानात सुप्तावस्थेतले टार्डिग्रेड (अतिशय चिवट असे सूक्ष्म प्राणी) होते.

१८. जीव समोर असेल आणि आपल्याला ओळखूच आला नाही तर?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, तो अकरावीतल्या एका मुलीने विचारला होता. उलटंही होतं: २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या तळ्यातला एक जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असं जाहीर झालं. पुढच्या प्रयोगांत ते टिकलं नाही आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला.

रसायन अनोळखी असलं तरी एक खूण कामी येते. अमिनो आम्लं उजव्या-डाव्या हातांसारखी दोन रूपांत असतात. निर्जीव क्रियेत दोन्ही साधारण सारखी बनतात, इथला जीव जवळजवळ फक्त डावी वापरतो. एन्सेलाडसच्या फवाऱ्यात सगळी उजवीच सापडली तर मी गच्चीवर पेढे वाटीन, कारण मग तो जीव असेल आणि आपल्या घराण्यातला नक्की नसेल. हीच खरी लॉटरी. आज आपल्याकडे जीवसृष्टीचा एकच नमुना आहे. हे नुसतं शितावरून भाताची परीक्षा करणं नाही, एका शितावरून सगळ्या जगातल्या स्वयंपाकाचा अंदाज बांधणं चाललं आहे.

१९. मग हुशार लोक कुठे आहेत? इतके ग्रह असून कोणी फोनसुद्धा करत नाही.

१९५० साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने जेवणाच्या टेबलावर हेच विचारलं. उत्तरं पुष्कळ आहेत, मी माझं देतो. जंतू बहुधा बऱ्याच ठिकाणी असतील, कारण इथे ते लवकर आले (प्र. ३). पण नंतर काय झालं बघा. ३५० कोटींपासून सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत डोळ्यांना दिसेल असा प्राणी नाही. मधे एकदा एका पेशीने दुसरीला आत घेतलं आणि पचवलं नाही. त्या पाहुणीची मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जा बनवणारी भट्टी) झाली आणि सगळी झाडं, बुरशी, प्राणी त्या एका घटनेतून आले. डोळा चाळीस वेळा, हे एकदाच. जे चाळीस वेळा होतं ते तेराव्या चंबूतही होईल. जे चारशे कोटी वर्षांत एकदा झालं, त्याची हमी कोण देणार?

शिवाय हुशार असणं म्हणजे रेडिओ बनवणं नव्हे. ऑक्टोपस हुशार आहे. पाण्याखाली त्याने आग कशी पेटवावी?

२०. भिया, हे सगळं ऐकलं. गच्चीवरून यातलं काही दिसतं का?

दिसतं. गुरू वर असेल त्या रात्री साधी दहा पट दुर्बीणही चालते, फक्त कठड्यावर कोपर टेकवा, हात हलतो. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चार ठिपके, म्हणजे त्याचे चार मोठे चंद्र, दिसतील, कधी तीन, एखादा मागे लपलेला असतो. तासाभराने पुन्हा पाहा, जागा बदललेली असते. चौघांत सगळ्यात मंद बहुधा कॅलिस्टो. युरोपा कुठला ते त्या रात्रीचा तक्ता मोबाइलवर बघून ठरवावं लागतं. एन्सेलाडस आमच्या आठ इंचीतूनही शनीच्या झगमगाटात हरवतो. शहराबाहेर, जानापावच्या बाजूला अंधारात नेली तर मिनिटभर डोळा लावून बसल्यावर कधी दिसतो, कधी दिसल्याचा भास होतो. पावसाळ्यात येऊ नका, दुर्बीण जुलै ते सप्टेंबर पेटीत असते. बाकी कुठल्याही शनिवारी आठनंतर, गच्चीचं दार उघडंच असतं, फक्त जिन्यातला दिवा लावू नका.